इसबावरचा ‘आंघोळीचा कोर्स’: पुडी दाखवतात, काम मलम करतं

लहान मुलांच्या इसबावर, म्हणजे एक्झिमावर, ‘आंघोळीचा कोर्स’ विकणाऱ्यांचा संच बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पाण्यात टाकायची पूड, थोडं तेल आणि आंघोळीनंतर लावायचं एक मलम. जाहिरात सगळी पुडीची असते: नैसर्गिक, स्टिरॉइडमुक्त, रक्तातलं विष खेचून काढणारी. मलम ‘सोबत मोफत’. त्याच्या डबीवर घटकांची यादी नसते, बॅच नंबर नसतो, बनवणाऱ्याचा पत्ता नसतो. खरी मेख त्या डबीतच आहे.

रात्रभर खाजवून चादरीला रक्त लावणारं मूल तीन-चार दिवसांत गाढ झोपायला लागतं. लाल चट्टे फिके पडतात. आई-बापांना वाटतं, पुडीने गुण आला. इतक्या झटपट इसब दबलं, तर पहिला संशय मलमात लपवलेल्या तीव्र स्टिरॉइडचा, म्हणजे त्वचेचा दाह झटपट दाबणाऱ्या औषधाचा घ्यावा. हा संशय हवेतला नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी रुग्णांकडची ‘हर्बल’ इसब-मलमं तपासून 2003 साली निष्कर्ष छापले. 24 पैकी 20 मलमांत स्टिरॉइड सापडलं, काहींत तर सर्वांत तीव्र गटातलं क्लोबेटासोल.

डॉक्टर देतात तेही स्टिरॉइडच, मग फरक काय, असं कुणी विचारेल. फरक मोजमापाचा आहे. डॉक्टर मुलाचं वय आणि जागा पाहून ताकद ठरवतात, चेहऱ्याला वेगळं आणि हातापायांना वेगळं देतात, किती दिवस लावायचं ते लिहून देतात. मात्राही ठरलेली असते: ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी निघालेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या भागाला पुरते. बिनलेबलाचं मलम मात्र पापण्यांपासून डायपरखालच्या त्वचेपर्यंत सगळीकडे चोपडलं जातं, तेही महिनोन्‌महिने. त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, काखेत आणि मांड्यांवर चरे पडतात. औषध रक्तात उतरलं की चेहरा गोल होतो, वजन वाढतं पण उंची रेंगाळते, आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (आजारपणात शरीराला लागणारं नैसर्गिक स्टिरॉइड) तयार होणं मंदावतं.

डबी संपली की इसब पुन्हा भडकतं. विकणाऱ्याचं उत्तर तयारच असतं: “विष बाहेर पडतंय, कोर्स अर्धवट सोडू नका.” पुढचा संच महाग असतो आणि पैसे परत मिळण्याची अट ‘पूर्ण कोर्स केला तरच’ अशी असते. तोवर तक्रारीची मुदत निघून गेलेली असते.

विष निघाल्याचा पुरावा म्हणून टबातलं तपकिरी पाणी किंवा तळाशी साचलेला चोथा दाखवतात. मूल टबात न बसवता तेवढीच पूड तेवढ्याच कोमट पाण्यात टाकून पाहा. मूल नसतानाही पाणी तसंच तपकिरी झालं, तर तो रंग पुडीचाच. चोथा म्हणजे पुडीतलाच, पाण्यात फुगणारा डिंक असू शकतो. आधीचे आणि नंतरचे फोटो याहून फसवे. इसब आपोआप कमी-जास्त होतच असतं. माणूस उपाय शोधतो तो ते सर्वांत भडकलेलं असताना, त्यामुळे नंतरचा फोटो काहीही न करताही बरा येऊ शकतो.

पाण्यात काही टाकून इसब आवरता येतं का, याची नीट तपासणी झालेली आहे. ब्रिटनमध्ये 1 ते 11 वर्षांच्या 482 मुलांवर पाण्यात टाकायच्या मऊकारक तेलांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. एका गटाच्या पाण्यात तेल टाकलं, दुसऱ्याच्या नाही; दोन्ही गटांतल्या मुलांचं अंगाला लावायचं मॉइश्चरायझर चालूच होतं, आणि तेलामुळे वर काही ठळक फायदा दिसला नाही. नळाचं पाणी मृदू करणारी यंत्रंही इसबाच्या नावाने विकतात. 336 मुलांवर त्यांची चाचणी झाली, 2011 मध्ये निकाल आला, तिथेही उपयोग दिसला नाही. तेल टाकलेला टब निसरडा होतो तो वेगळाच.

ब्लीचच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या, खूप पातळ केलेल्या पाण्यात बसवणं हा मात्र खरा वैद्यकीय उपाय आहे. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या काही मुलांना डॉक्टर तो सांगतात. द्रावण अंतिमतः 0.005 टक्के लागतं, म्हणजे 5 टक्क्यांचं साधं, सुगंध न घातलेलं ब्लीच असेल तर लिटरभर पाण्याला 1 मिलिलिटर. नेमकी हीच गोष्ट ‘विशेष द्रावण’ म्हणून टक्केवारी न छापता विकली जाते. टक्केवारी माहीत नसेल तर मात्रा काढताच येत नाही. जास्त पडलं तर त्वचा पोळते. त्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. डॉक्टरांनी मात्रा लिहून दिल्याशिवाय हे करूच नये.

‘नैसर्गिक’ पुड्यांत लॅव्हेंडर, टी ट्री अशी सुगंधी तेलं असतात, आणि फुटलेल्या त्वचेला त्यांचीच ॲलर्जी जडू शकते. दूध, बदाम, गहू यांची प्रथिनं असलेली उत्पादनं तर तान्ह्या बाळाच्या उघड्या चट्ट्यांवर नकोतच. अशा त्वचेतून आत गेलेल्या प्रथिनाची पुढे खाण्यातून ॲलर्जी होऊ शकते. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन असलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे 2000 हून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली होती.

आंघोळ खरं तर साधी आहे. पाणी कोमट, वेळ 5 ते 10 मिनिटं, साबणाऐवजी बिनवासाचा सौम्य क्लिन्झर आणि तोही मळलेल्या जागीच. घासणी नको. टॉवेलने टिपायचं, त्वचा किंचित ओली असतानाच मॉइश्चरायझर जाड थरात लावायचं, केस उगवतात त्या दिशेने. अंगभर कोरडेपणा असेल तर आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. लोक इथेच हात आखडतात, आणि पुडीवर घातलेले पैसे खरं तर इथे जायला हवे होते. स्टिरॉइड मलम आणि मॉइश्चरायझर यांत थोडं अंतर ठेवा, नाहीतर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं.

असा संच आधीच वापरला असेल तर डबी, पुडी, पावती आणि संदेश जपून ठेवा आणि मलम डॉक्टरांकडे न्या. बराच काळ लावलं असेल तर सल्ल्याशिवाय एकदम बंद करू नका. मुलाला ताप, उलट्या किंवा गुंगी आली तर इस्पितळात पोचताच ‘छुपं स्टिरॉइड असू शकतं’ हे आधी सांगा, कारण अशा वेळी शरीराला कॉर्टिसोल कमी पडू शकतं. आणि चट्ट्यांवर एकसारखे, दुखणारे, मधे खड्डा पडलेले फोड उठले, सोबत ताप असला, तर तो हर्पीस या विषाणूचा संसर्ग असू शकतो. विकणारा त्यालाही विष निघणंच म्हणेल. त्याला फोन करण्यात वेळ घालवू नका, मुलाला त्याच दिवशी इस्पितळात न्या.