थार, जिम्नी की गुरखा? बुकिंगच्या कागदावर सही करण्याआधी

ऑफ-रोड गाडी घ्यायची म्हणून मला फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेट्रोल घेऊ की डिझेल? मी आधी दुसरंच विचारतो. लो रेंज, म्हणजे अवघड वाटेसाठीचा जादा गिअर, आहे का? चाकं एकत्र बांधणारा लॉक आहे का? गिअरबॉक्स कुठला? इंजिन त्यानंतर. कारण गाडी घरी आल्यावर सीट कव्हर बसवता येतं, टायर बदलता येतात, म्युझिक सिस्टीमही बदलता येते. पुढच्या चाकांना ताकद नसलेल्या गाडीची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, मात्र करता येत नाही.

हा मुद्दा आता आणखी महत्त्वाचा झालाय, तो किमतीमुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. पेट्रोलला हीच मर्यादा १२०० सीसी आहे. त्यावरच्या सगळ्या गाड्यांवर ४० टक्के. थारचं १.५ लिटर डिझेल १८ टक्क्यांत बसतं, तर २.२ लिटर डिझेल आणि २ लिटर पेट्रोल ४० टक्क्यांत जातात. म्हणून १.५ ची किंमत बघितली की मोह होतो. दिसायला तीच थार, ११७ अश्वशक्ती, ३०० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर). पण ती फक्त मागच्या चाकांवर चालते आणि तिला लो रेंज नाही.

नाशिकजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, पहिल्या पावसानंतर, मागच्या चाकांवर चालणारी एक गाडी काळ्या मातीत बसलेली मी बघितली आहे. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या, मागची दोन्ही चाकं गरगर फिरत राहिली आणि पुढची दोन नुसती उभी. शेवटी ट्रॅक्टरचं टोचन लागलं. गाडीत टॉर्क भरपूर होता, तो जमिनीपर्यंत पोचायला वाट नव्हती. शहर, हायवे आणि वर्षातून दोनदा फार्महाउसचा कच्चा रस्ता एवढंच असेल तर १.५ डिझेल चांगला सौदा आहे, खुशाल घ्या. वर्षभर शेतावर जायचं असेल किंवा पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीची वाट धरायची असेल, तर तो पर्याय यादीतून काढा.

लो रेंज म्हणजे ट्रान्स्फर केसमधला, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतला, जादा गिअर. त्याने चाकांवरचा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो आणि गाडी माणसाच्या चालीने दगडांवरून सरकते. जिम्नीचं १.५ लिटर पेट्रोल इंजिन जेमतेम १३४ न्यूटन मीटर देतं, म्हणजे थारच्या निम्म्याहून कमी. तरीही ती अवघड चढ चढते, त्याचं कारण लो रेंज आणि सुमारे १२०० किलोचं वजन. चिखलात हलकेपणाचा फायदा फार मोठा. रुतली तरी चार माणसं ढकलून काढतात.

आता लॉक. एक चाक हवेत गेलं की साधा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) सगळी ताकद त्याच चाकाला देतो आणि गाडी जागेवर थांबते. यावर दोन उपाय आहेत. पहिला ब्रेकचा: फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावते आणि ताकद दुसरीकडे वळते. जिम्नीत हा आहे. चालतो, पण थोडा वेळ चाक फिरू द्यावं लागतं आणि सलग वापरात ब्रेक तापतात. दुसरा खरा लॉक, जो दोन्ही चाकं एकत्र बांधतो. थारमध्ये मागच्या अॅक्सलला यांत्रिक लॉक मिळतो. चाकांच्या वेगात फरक पडला की तो आपोआप लागतो. थार रॉक्सच्या (थारची पाच दारांची मोठी बहीण) फोर बाय फोरमध्ये मागे बटणावरचा इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. गुरखात पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहेत आणि दोन्ही चालकाच्या हातात. या एका बाबतीत गुरखाची बरोबरी बाकी तिघींपैकी कोणीच करत नाही.

थार घेणाऱ्याला इथे एक कळकळीची सूचना. यांत्रिक लॉक कोणत्या इंजिनाला, कोणत्या व्हेरियंटला मिळतो हे वर्षागणिक बदलत आलंय. शोरूममध्ये 'सगळ्यात असतो सर' असं ऐकून सही करू नका. कोटेशनवर लॉकचा प्रकार लिहून घ्या, यांत्रिक की ब्रेकवरचा.

पेट्रोल की डिझेल

आता तुमचा मूळ प्रश्न. फोर बाय फोर थारची तुलना करू, कारण तिच्यात दोन्ही इंजिनं मिळतात. २.२ लिटर डिझेल १३० अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन मीटर देतं. २ लिटर टर्बो पेट्रोल १५० अश्वशक्ती देतं आणि टॉर्क मॅन्युअलला ३००, ऑटोमॅटिकला ३२०. खालच्या आरपीएमवर पेट्रोल कमी पडतं हा समज या गाडीत खोटा ठरतो: डिझेलचा पूर्ण टॉर्क १६०० आरपीएमला मिळतो, पेट्रोल मॅन्युअलचा १२५० लाच. म्हणजे निव्वळ चढण्याच्या ताकदीवर निवड होत नाही.

ती होते पंपावर. पेट्रोलला लिटरमागे ९ किलोमीटर धरा, डिझेलला १२. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९०. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवली तर पेट्रोलचा खर्च सुमारे १ लाख ३८ हजार, डिझेलचा ९० हजार. फरक ४८ हजारांचा. तेच रनिंग पाच हजारांचं असेल तर फरक वीस हजारांवर येतो. यात महाराष्ट्रातला रोड टॅक्सही मिळवा: १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. पंधरा लाखांच्या गाडीवर हे दोन टक्के म्हणजे ३० हजार. इंजिनाच्या किमतीतला फरक त्यात घाला आणि तुमच्या रनिंगने किती वर्षांत वसूल होतो ते कागदावर मांडा.

पण रनिंग कमी असण्याबरोबर ते कसं आहे हेही बघा. डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापलेलं लागतं. रोज चार किलोमीटर ऑफिस आणि परत, एवढंच करणाऱ्या गाडीत तो तुंबतो, दिवा लागतो, मग हायवेवर नेऊन मोकळा करावा लागतो. ठाण्यात किंवा कोथरूडमध्ये राहणाऱ्या, शनिवार-रविवारी बाहेर पडणाऱ्या माणसाला मी पेट्रोलच सुचवतो. दर आठवड्याला नाशिक ते धुळे करणाऱ्याला डिझेल.

लेह-लडाख डोक्यात असेल तर आणखी एक. साडेतीन हजार मीटरवर हवा जवळपास एक-तृतीयांश विरळ होते. थारच्या दोन्ही इंजिनांना टर्बो आहे, त्यामुळे त्यांना कमी जाणवतं. जिम्नीला टर्बो नाही. तिथे ती पोचते, पण ओव्हरटेकला जागा मोठी ठेवावी लागते.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक

नवख्या माणसाने ऑटोमॅटिक घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. चढावर थांबून पुन्हा निघताना हाफ क्लचवर गाडी धरली की क्लच जळतो आणि त्याचा वास पुढे कित्येक दिवस केबिनमध्ये राहतो. ऑटोमॅटिकमधल्या टॉर्क कन्व्हर्टरला (तो क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवतो) ती भीती नाही, दगडावर गाडी हळूवार चढवता येते. उतारावर मात्र मॅन्युअलचा लो रेंजमधला पहिला गिअर गाडीला जास्त घट्ट धरतो. जिम्नीचा ऑटोमॅटिक चारच गिअरचा आहे, हायवेवर आवाज करतो, त्यामुळे तिच्यात मी मॅन्युअलकडे झुकेन. गुरखात प्रश्नच नाही, फक्त मॅन्युअल.

बाकीच्या दोघी, थोडक्यात

घरात पाच माणसं असतील तर तीन दारांची थार कमी पडते, ती चौघांची गाडी आहे. रॉक्स त्यासाठीच आली. पण फोर बाय फोर रॉक्स फक्त डिझेलमध्ये मिळते. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) थारच्या २४५० वरून २८५० मिलिमीटर झालाय, त्यामुळे बांध किंवा टेकाड ओलांडताना पोट लवकर टेकतं.

आकुर्डीच्या फोर्सची गुरखा तीन आणि पाच दारांत येते. २.६ लिटर डिझेल, १४० अश्वशक्ती, कंपनीकडूनच स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता (थारची ६५०). ओढे-नाले ओलांडणं हा रोजचा भाग असेल तर हिच्यापुढे विचार करू नका. सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून किती लांब, हे मात्र आधी बघा.

ऑप्शन्सवर पैसे कुठे घालायचे

मोठी अलॉय चाकं सुंदर दिसतात. खडकाळ वाटेवर मला लहान रिम आणि जास्त रबर आवडतं, कारण हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर दगडाला धरतो. जिम्नीच्या झेटा व्हेरियंटला स्टीलची चाकं येतात. वाकली तर ठोकून सरळ होतात, अलॉय तडकतं. वरच्या अल्फाचे दिवे चांगले आहेत, पण रात्रीचा प्रवास कमी असेल तर झेटा पुरते.

बाहेरून बसवायच्या गोष्टींत सावध राहा. पुढचा लोखंडी बुल बार बसवण्यास केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. गाडी उंच करणारं लिफ्ट किट आणि अवाढव्य टायर लावून पुढे विमा कंपनीशी भांडण्यापेक्षा तोच पैसा लॉक असलेल्या व्हेरियंटमध्ये घाला. उरलेल्यात ओढायचा चांगला पट्टा, पट्टा अडकवायचं शॅकल, फावडं आणि हवेचा छोटा कंप्रेसर घ्या.

शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हला सपाट डांबरी रस्ता दाखवतात. चढ मागा, लो रेंज लावून दाखवायला सांगा. महिंद्राची इगतपुरीजवळ ऑफ-रोड शिकवणारी अकॅडमी आहे. दोन्ही गिअरबॉक्समधला फरक तिथे एका दिवसात पायाला कळतो. आणि गाडी हातात आल्यावर दर पंधरवड्याला एकदा, मातीच्या रस्त्यावर, फोर व्हील लावून दोनेक किलोमीटर चालवा. न वापरलेली लिंकेज (फोर व्हील लावणारे जोड) जाम होते. कोरड्या डांबरावर मात्र हे करू नका: या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांमधला डिफरन्शियल नाही, वळणावर सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.