स्कूटर शिकायला जुनी चेतक की नवी व्हेस्पा?
बजाजची चेतक १९७२ची, बारामतीत बनणारी व्हेस्पा २०१२पासूनची, पत्र्याची बॉडी दोघींची, पण शिकताना जमीन-अस्मानाचा फरक. व्हेस्पाला गिअरच नाही, दोन्ही ब्रेक हातात, बॅलन्स जमला की झालं. चेतकला डाव्या हातात क्लच, तीच मूठ फिरवून गिअर, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, म्हणून ऑटोमॅटिकवरून आलेला माणूस घाबरला की ब्रेक समजून डावा लिव्हर दाबतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी क्लच दाबलेली तशीच पुढे जाते, हे आधी मोकळ्या मैदानात घोटून घ्याच.

देखभालीत मात्र चेतकच लाडकी. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये टूटी (2T, टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, लिटरला साधारण २० मिली, आणि सुरू होईना तर आधी स्पार्क प्लग काढा, काळा ओला दिसला तर पुसून पॉलिश पेपर मारा, बहुतेक वेळा तिथेच काम होतं. केबल तुटली तर घरी बदलता येते. व्हेस्पाच्या ऑटोमॅटिक गिअरचा बेल्ट, रोलर वगैरे सर्व्हिस सेंटरचंच काम. रोज ऑफिसला जायचं असेल तर व्हेस्पा घ्या, पण गाडी खरंच समजून घ्यायची असेल तर माझं मत चेतकलाच, फक्त घेताना फूटबोर्डखालचा गंज वाकून बघा.