युरोपातल्या आयफोनवर ऑल्टस्टोअर पॅल: दुकान चांगलं, उंबरठा उंच

आयफोनवर ॲपलच्या ॲप स्टोअरखेरीज दुसऱ्या दुकानातून ॲप घेण्याची सोय युरोपीय संघाच्या 27 देशांत मार्च 2024 पासून आहे. ॲपलने ती आपणहून दिलेली नाही, डिजिटल मार्केट्स ॲक्ट (डीएमए) या कायद्याने द्यायला लावली. सप्टेंबर 2023 मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, ॲपल, अल्फाबेट, ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि बाइटडान्स यांना ‘गेटकीपर’, म्हणजे बाजाराचं दार अडवू शकणाऱ्या बड्या कंपन्या, ठरवलं. नियम पाळण्याची मुदत 7 मार्च 2024 ला संपत होती आणि आयओएस 17.4 आलं 5 मार्चला. ऑल्टस्टोअर पॅल हे दुकान त्यानंतर दीड महिन्यात, 17 एप्रिलला उघडलं.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाची पहिली अडचण दुकानात शिरण्याआधीच येते. फोन युरोपात असून भागत नाही, ॲपल अकाउंटचा देशही संघातलाच लागतो. भारतातलं जुनं अकाउंट तसंच चालू असेल तर इन्स्टॉलेशन होणार नाही. देश बदलायचा तर अकाउंटमधली शिल्लक आधी संपवावी लागते, चालू सबस्क्रिप्शन रद्द करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं आणि नव्या देशातला बिलिंगचा पत्ता द्यावा लागतो. फॅमिली शेअरिंग असेल तर तिथेही गाडी अडू शकते. म्हणून हे काम घाईत करू नका, आधी सबस्क्रिप्शनची यादी काढा. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड संघाबाहेर आहेत, त्यामुळे लंडन किंवा झुरिकवाल्यांना हा कायदा लागू नाही. आयपॅडसाठी आयपॅडओएस 18 किंवा त्यानंतरची आवृत्ती हवी.

पुढची पायरी इन्स्टॉलेशनची. ऑल्टस्टोअरच्या संकेतस्थळावरचा दुवा सफारीत उघडा. जुन्या आयओएसवर तिथे टॅप केलं की ‘या डेव्हलपरला परवानगी नाही’ असा इशारा यायचा. मग सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्यायची, परत संकेतस्थळावर यायचं, पुन्हा टॅप करायचं आणि आणखी एका इशाऱ्याच्या पडद्यावर होकार द्यायचा. सेटिंग्जमध्ये नेमकं कुठे जायचं, हे त्या इशाऱ्यात धड सांगितलेलं नसायचं. बहुतेक लोक इथेच नाद सोडत. फोर्टनाइट हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्सने स्वतःच्या दुकानासाठी या पायऱ्या मोजल्या होत्या, त्या 15 भरल्या. आयओएस 18.6 मध्ये त्या 6 वर आल्या आणि अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण 65 टक्क्यांवरून साधारण 25 टक्क्यांवर आलं, असं एपिकचंच म्हणणं आहे. वापरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर या कायद्याचं आजवरचं सगळ्यात ठोस फळ हेच आहे. तेव्हा आधी आयओएस अपडेट करा, मगच या वाटेला जा.

आत गेल्यावर दुकान नेटकं आहे. मांडणी साधी, ॲपची माहिती स्पष्ट. वेगळेपण ‘सोर्स’मध्ये आहे. इथे एकच मध्यवर्ती कॅटलॉग नाही. डेव्हलपर आपली ॲप स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतो, त्याच्या सोर्सचा पत्ता आपण जोडायचा, मग त्याची ॲप दिसू लागतात. जुन्या निंटेंडो खेळांसाठीचं डेल्टा आणि कॉपी केलेला मजकूर पार्श्वभूमीत साठवत राहणारं क्लिप ही सुरुवातीची दोन ॲप आजही हे दुकान घेण्याचं चांगलं कारण आहेत. पुढे फोर्टनाइटही आलं. पण बँक, रेल्वे, सरकारी सेवा यांची ॲप इथे शोधू नका.

शेल्फ विरळ का, याचं उत्तर ॲपलच्या फीमध्ये आहे. नव्या अटी स्वीकारणाऱ्या डेव्हलपरला वर्षातल्या पहिल्या 10 लाख इन्स्टॉलनंतर प्रत्येक इन्स्टॉलमागे अर्धा युरो, अशी ‘कोअर टेक्नॉलॉजी फी’ ठेवली होती. म्हणजे सुरुवातीच्या नियमांनुसार फुकट ॲप 20 लाख लोकांनी घेतलं तर उत्पन्न शून्य आणि बिल 5 लाख युरोचं. दुकानाच्या ॲपला तर ती 10 लाखांची सूटही नव्हती, पहिल्याच इन्स्टॉलपासून मीटर सुरू. म्हणून ऑल्टस्टोअरला सुरुवातीला वर्षाला दीड युरो आणि वर कर घ्यावा लागला. ऑगस्ट 2024 मध्ये एपिकच्या अनुदानामुळे ते फुकट झालं. जून 2025 मध्ये ॲपलने या फीऐवजी विक्रीवरच्या 5 टक्के कमिशनकडे जाणारी रचना जाहीर केली. लहान, फुकट ॲपसाठी ती नक्कीच कमी जाचक आहे.

तरी किल्ली ॲपलकडेच राहते. पर्यायी दुकानातल्या ॲप्सनाही ॲपलचं नोटरायझेशन, म्हणजे तपासणी करून दिलेली मंजुरी, लागतं. 2025 च्या उन्हाळ्यात ऑल्टस्टोअरवर मिळणाऱ्या आयटोरंट या टोरंट फाइली उतरवण्याच्या ॲपच्या डेव्हलपरची वितरणाची मुभा ॲपलने काढून घेतली. आंतरराष्ट्रीय निर्बंधांशी (सँक्शन्स) संबंधित नियमांचं कारण पुढे आलं ते नंतर. डेव्हलपरला वेळेवर धड उत्तर मिळू नये, ही या व्यवस्थेतली गंभीर उणीव आहे.

आयोग हे नियम पुढेही इतक्याच नेटाने लावेल का, हा प्रश्न आता कायद्याइतकाच राजकारणाचा आहे. 23 एप्रिल 2025 रोजी आयोगाने डीएमएखालचे पहिले दंड ठोठावले: ॲपलला 50 कोटी युरो, मेटाला 20 कोटी. ॲपलचा दंड पर्यायी दुकानांबद्दल नव्हता. ॲपबाहेरच्या स्वस्त ऑफर ग्राहकाला सांगण्यापासून डेव्हलपरला अडवल्याबद्दल होता. ॲपल त्याविरुद्ध न्यायालयात गेलं. 5 सप्टेंबरला जाहिरात तंत्रज्ञानाच्या प्रकरणात गुगलला 295 कोटी युरोंचा दंड झाला. तो डीएमएखाली नाही, जुन्या स्पर्धा कायद्याखाली होता. त्याच दिवशी ट्रम्प यांनी व्यापारी कारवाईची धमकी दिली. त्याच महिन्यात ॲपलने डीएमए रद्द करण्याची मागणी केली. आयोगात स्पर्धा खातं सांभाळणाऱ्या तेरेसा रिबेरा यांच्यावरचा दबाव त्यामुळे दुहेरी आहे, आणि आयफोनवरच्या पायऱ्या 15 वरून 6 वर येतात त्या असा दबाव झेलून.

दुकान घ्यावं का? डेल्टा किंवा फोर्टनाइट हवं असेल तर बेलाशक घ्या. नुसतं कुतूहल असेल तर अकाउंटचा देश बदलण्याचा खटाटोप करू नका.

घेतलंत तर काही गोष्टी आधीच करा. एकच ॲप दोन दुकानांतून एकाच वेळी ठेवता येत नाही. भारतातून आणलेलं, ॲप स्टोअरवरचं डेल्टा काढावं लागेल आणि त्याबरोबर जतन केलेले खेळही जातील. काढण्यापूर्वी गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सशी सिंक करून घ्या. इथल्या खरेदीचा परतावा किंवा सबस्क्रिप्शनची तक्रार ॲपलकडे चालत नाही, त्या दुकानाकडेच करावी लागते. मुलांच्या खरेदीवर पालकांची परवानगी मागणारी ॲपलची सोयही इथे लागू नाही. मुलाच्या फोनवर स्क्रीन टाइममधून पर्यायी दुकानं बंद करता येतात, ती करा.

आणि सुट्टीवर गावी निघताना: संघाबाहेर गेल्यावर आधी घेतलेली ॲप चालू राहतात, पण त्यांचे अपडेट 30 दिवसच मिळतात आणि नवं ॲप घेता येत नाही. गणपती ते दिवाळी असा लांब मुक्काम असेल तर हवं ते ॲप निघण्यापूर्वीच उतरवून घ्या आणि महिना भरण्याआधी एकदा सगळे अपडेट करा.