श्यामलन: स्टुडिओचा मोठा पैसा की स्वतःचं घर तारण?

एक चित्रपट पडला, एक चालला, तरी हॉलिवूडचा दिग्दर्शक एम. नाइट श्यामलनला पैसा मिळतोच. का, ते त्याच्या दोन वाटा शेजारी ठेवल्या की कळतं.

पहिली वाट: खर्च स्टुडिओचा. ‘आफ्टर अर्थ’ (२०१३) सुमारे १३ कोटी डॉलरमध्ये बनला आणि जगभर सुमारे २४ कोटी जमले. आकडा दुप्पट दिसतो, पण फसवा आहे. तिकिटाच्या पैशातला ढोबळमानाने अर्धा थिएटरवाले ठेवतात, अमेरिकेबाहेर बहुधा अर्ध्याहून जास्त. म्हणजे हाती उरले १२ कोटींच्या आत, आणि जाहिरातीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

दुसरी वाट: घर तारण ठेवून ‘द व्हिजिट’ (२०१५). खर्च ५० लाख डॉलर, गल्ला सुमारे ९.८ कोटी. मग ‘स्प्लिट’: खर्च ९० लाख, गल्ला सुमारे २७.८ कोटी. इथे युनिव्हर्सल स्टुडिओकडे मुख्यतः वितरण आणि जाहिरात. निर्मितीचा धोका दिग्दर्शकाचा, म्हणून नफ्यातला वाटाही मोठा आणि चित्रपटाच्या अंतिम संकलनावर (फायनल कट) शेवटचा शब्द त्याचाच. (चित्रपट कोणी घेतलाच नाही तर कर्जही त्याचंच, हे विसरू नका.)

स्टुडिओच्या दृष्टीने दुसरी वाट सरस, कारण तिथे फसलेला चित्रपटही फारसा बुडवत नाही. ‘ओल्ड’ (२०२१) अनेक समीक्षकांना रुचला नाही, तरी १.८ कोटींच्या खर्चावर गल्ला सुमारे ९ कोटींचा झाला. शिवाय पोस्टरवर त्याचं नाव असलं की गोष्टीत काहीतरी कलाटणी असणार, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.