ब्लोअर बाहेर काढून एसी धुणारा मेकॅनिक (ठाणे, घोडबंदर रोड)

आमच्याकडे दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, सहा वर्षं वापरातला. गेल्या जुलैपासून तो लावला की पहिली पाच-सात मिनिटं ओल्या पायपुसण्यासारखा कुबट वास यायचा. मग नाक सरावायचं. सासूबाईंना दमा आहे. रात्री एसी लागला की त्यांचा खोकला वाढतो, बंद केला की तासाभरात बसतो, हे माझ्या लक्षात यायला ऑगस्ट उजाडला. त्याची हळहळ अजून वाटते.

तसं मे महिन्यात वार्षिक करारातलं सर्व्हिसिंग झालं होतं. माणूस आला, जाळ्या नळाखाली धरल्या, कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या-पट्ट्यांवर, समोरून फवारा मारला आणि वीस मिनिटांत सही घेऊन गेला. वासाची तक्रार केली तर फोनवर उत्तर, “गॅस कमी झाला असेल, भरून घ्या.” खोली तर छान गार होत होती! मी साफ नाही म्हटलं.

एका रात्री मेन स्विच बंद करून, झडप वर करून आत टॉर्च मारला. हवा बाहेर फेकणारा लांबुळका पंखा असतो ना, ब्लोअर, त्याच्या पात्यापात्यावर काळे ठिपके, मोहरी चिकटवल्यासारखे. बोट फिरवलं तर काजळीसारखा ओलसर थर बोटाला आला. तीच हवा घरातलं आजारी माणूस रात्रभर घेत होतं.

शेजारच्या वहिनींनी या मेकॅनिकचं नाव सुचवलं. आल्याआल्या त्यांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, “ताई, ब्लोअर आणि पाणी झेलणारा ट्रे खाली उतरवल्याशिवाय हा वास जायचा नाही. बाराशे होतील, दोन तास लागतील.” पलंग सरकवून प्लास्टिक अंथरलं, इलेक्ट्रिकचा भाग पिशवीत बांधला, मग एकेक भाग उतरवला. बाथरूममध्ये ब्लोअरवर ब्रश आणि जेट चालला तेव्हा पहिल्या बादलीत कोळसा कालवल्यासारखं पाणी होतं. चौथ्या बादलीला ते स्वच्छ आलं. ट्रेमध्ये बोटभर बुळबुळीत गाळ निघाला.

मूळ दुखणं मात्र वेगळंच निघालं. ड्रेन पाइप भिंतीत शिरण्याआधी उंच उचलला गेला होता, त्यामुळे पाणी पूर्ण वाहून न जाता ट्रेतच साचून राहायचं. बसवताना झालेली चूक, सहा वर्षांत एकाही सर्व्हिसवाल्याने पाहिली नव्हती. यांनी पाइपला उतार दिला, ट्रेत मगभर पाणी ओतलं आणि मला गॅलरीत पाठवलं, “धार येतेय का बघा.” आली, तेव्हाच त्यांनी समोरचं कव्हर लावलं.

कारणही नीट समजावलं. गार कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच दमट, त्यात आपण रिमोटने खटकन बंद करतो; आत सगळं ओलं राहतं, वर धूळ बसते आणि बुरशी धरते. म्हणून बंद करण्याआधी वीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवायचा आणि जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुऊन, वाळवून लावायच्या. सुगंधी स्प्रे मारू नका, म्हणाले, वास झाकला जातो, बुरशी तिथेच राहते. कॉइलवर ॲसिडही कोणाला मारू देऊ नका, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाल्ल्या जातात.

दोन गोष्टी खटकल्या. ठरल्या दिवशी आले नाहीत, फोनही केला नाही, दुसऱ्या दिवशी उगवले. आणि एसीखालच्या भिंतीवर काळे ओघळ आले, ते मला पुसावे लागले. तेवढी भिंत झाकायला हवी होती.

तीन महिने झाले, वास अजिबात नाही. सासूबाईंची औषधं चालूच आहेत, पण रात्रीचा खोकला बराच कमी आहे आणि त्या पुन्हा त्या खोलीत झोपतात. कुणालाही बोलावलंत तरी फोनवरच विचारा, “ब्लोअर काढून धुणार का?” आणि काम चालू असताना बादलीपाशी उभ्या राहा.