मिंट, उबुंटू, फेडोरा की डेबियन? बिघडल्यावर धावून कोण येणार ते आधी बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. तेव्हापासून बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका छापायला आलेलं माणूसही जाताजाता विचारतं, "ते लिनक्स घालून देतात म्हणे, आमच्या लॅपटॉपवर चालतंय काय हो?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारी दुसरी प्रणाली. चालतं. सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे म्हणून विंडोज ११ ने दारातूनच परत पाठवलेल्या लॅपटॉपवर तर झकास चालतं. खरा प्रश्न पुढचा, कुठलं लिनक्स? त्यावर मिळणारे सल्ले बहुतेक दिसण्यावर आणि वेगावर असतात. मी एवढंच बघतो की सोमवारी सकाळी गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना वायफाय गेलं तर कुणाला विचारायचं, आणि त्याचं उत्तर माझ्या मशीनला लागू पडेल का.

मिंट, उबुंटू, फेडोरा आणि डेबियन हे लिनक्सचेच चार प्रकार. चौघांची ओळख थोडक्यात. डेबियन सगळ्यात जुनं, १९९३ पासूनचं. त्याच्यावर उबुंटू उभं राहिलं २००४ मध्ये, आणि उबुंटूवर मिंट २००६ मध्ये. फेडोराचं घराणं वेगळं, रेड हॅटकडचं. हे नातं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मदत नात्यानंच मिळते. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर बेतलेलं आहे, त्यामुळे उबुंटूवाल्याने सांगितलेला उपाय मिंटवर बहुतेक वेळा जसाच्या तसा चालतो. दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट आहेत. डेबियनचा उपाय उबुंटूवर कधी चालतो, कधी अर्ध्यात अडकतो. फेडोराचा तर या तिघांत बहुतेक वेळा चालत नाही, कारण पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, बसवण्याची पद्धतच निराळी. मिंटचीच एक थेट डेबियनवरची आवृत्तीही आहे, एलएमडीई. ती घेतली असेल तर मदत मागताना तसं स्पष्ट सांगा, नाहीतर समोरचा भलत्याच रस्त्याला लावतो.

वायफाय, काळी स्क्रीन आणि साडेपाच तास

जुन्या लॅपटॉपवर पहिलं दुखणं वायफायचं, आणि त्यातही ब्रॉडकॉमची चिप असेल तर हमखास. तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, इंटरनेटवरून घ्यावा लागतो आणि इंटरनेट तर नाही! यावर उपाय सोपा आहे, तरी दहातले आठ जण तो विसरतात. मोबाइल केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ती तारेची जोडणी वाटते आणि नेट लगेच सुरू होतं. पुढचं काम मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' करतो, उबुंटूत 'अतिरिक्त ड्रायव्हर्स'. दोन्हींकडे यादी दिसते, निवडायचं आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. डेबियनने जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे पूर्वीची निम्मी रड संपली. तरी ब्रॉडकॉमचा तो ड्रायव्हर हातानेच बसवावा लागतो. फेडोरात आधी आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा साठा जोडायचा, मग ड्रायव्हर.

इथे एक चकवा आहे. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळी स्क्रीन येऊन तोच विचारते. लोक घाबरून एंटर दाबत पुढे जातात. मग ड्रायव्हर बसलेला असतो, पण चालत नाही. "सगळं केलं तरी वायफाय नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

आणि त्याहून साधंही काही असू शकतं. निपाणीच्या एका मित्राला मी दोन दिवस फोनवरून एकेक कमांड सांगत होतो. तिसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला, तर कडेचं वायफायचं बटणच बंद. दोष माझाच. पहिला प्रश्न तोच विचारायला हवा होता.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर कधीकधी सुरुवातीलाच काळी स्क्रीन येते. तेव्हा बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या, यादीत मिंटला 'कंपॅटिबिलिटी मोड' असतो, उबुंटूला 'सेफ ग्राफिक्स', फेडोराला अडचणनिवारणाच्या यादीत 'बेसिक ग्राफिक्स'. तिघांचाही अर्थ एकच, आधी कसंबसं आत शिरा, मग ड्रायव्हर घाला. फेडोरावर ड्रायव्हर घातल्याबरोबर मशीन पुन्हा सुरू करू नका. तो तुमच्याच मशीनवर घडवला जात असतो, पाचेक मिनिटं चहा घ्या. अपडेटनंतर चालू असलेलं काही मोडलं तर बूटच्या यादीतून जुना कर्नल, म्हणजे प्रणालीचा आधीचा गाभा, निवडून बघायचा. ही सोय चौघांकडेही आहे.

विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी ठेवलं की घड्याळ साडेपाच तास मागेपुढे होतं. यात बिघाड काही नाही. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक, आणि दोघांतला फरक नेमका साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक ओळ पुरते. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' (लवकर सुरू होण्याची सोय) मात्र आठवणीने बंद करा. ते चालू असलं की विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा विंडोजचा भाग) लिनक्समधून नुसतं वाचता येतं, त्यात काही लिहिता येत नाही.

अपडेट चालू असताना लाईट गेली

खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा, हे कुणाला सांगायला नको. डेस्कटॉपला यूपीएस नाही आणि अपडेट निम्म्यावर असताना लाईट गेली, तर डेबियन, उबुंटू, मिंट तिन्हींवर सारखाच संदेश येतो: डीपीकेजी (पॅकेज बसवणारं साधन) अर्धवट थांबलं, अमुक कमांड चालवा. ती कमांड संदेशातच दिलेली असते. तीच चालवायची, दुसरं काही शोधत बसायचं नाही. "कुलूप मिळत नाही" असा संदेश आला तर बहुतेक वेळा मागे दुसरं अपडेट चालू असतं. थांबा. कुलपाची फाइल उडवण्याचा सल्ला सगळ्यात शेवटी.

याबाबतीत मिंट बाकीच्यांच्या पुढे आहे असं माझं मत आहे. टाइमशिफ्ट नावाचं साधन त्यात आधीच असतं आणि पहिल्याच दिवशी स्वागताची खिडकी तुम्हाला ते लावायला सांगते. अपडेटने घोळ घातला तर कालच्या स्थितीवर परत जाता येतं. फोनवरून मदत करणाऱ्याला यासारखं सुख नाही, "टाइमशिफ्ट उघडा, कालची तारीख निवडा" म्हटलं की झालं. उबुंटू आणि डेबियनवरही ते बसवता येतं, पण बसवतो कोण? मात्र एक ध्यानात ठेवा, टाइमशिफ्ट प्रणाली जपतं, तुमचे फोटो आणि फाइली नाही. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. १२८ जीबीच्या छोट्या एसएसडीवर टाइमशिफ्टच्या प्रतींनी जागा भरून मशीन अडल्याचंही मी पाहिलंय. दोन-तीन प्रती पुरेत.

डेबियनचं एक खास दुखणं सांगतो, कारण त्याने नवखा माणूस पहिल्याच तासाला खचतो. इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याचा, पासवर्ड दिला, तर तुमच्या नेहमीच्या खात्याला सुडो, म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने कमांड चालवणं, वापरता येत नाही. कुठलाही सांगितलेला उपाय "तुम्ही यादीत नाही" म्हणून परत येतो. रूटचा पासवर्ड रिकामा सोडायचा, मग अधिकार तुमच्याच खात्याला मिळतात.

मराठी, कन्नड आणि नुडीच्या फाइली

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा भाग कळणार नाही, आपल्याला रोज लागतो. सकाळी मराठी पत्रिका, दुपारी कन्नड अर्ज.

उबुंटू, फेडोरा आणि डेबियनच्या नेहमीच्या ग्नोम डेस्कटॉपवर (पडद्यावरच्या मांडणीत) कीबोर्डच्या सेटिंगमध्येच भाषा जोडता येते. आयबस हे भाषा टाइप करण्याचं साधन आत मुरलेलं आहे. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर मराठी फोनेटिक हवं असेल तर 'इनपुट मेथड' मधून आयबस बऱ्याचदा वेगळं बसवावं लागतं. इथे मिंट मागे पडतं. पण आपल्या भागातल्या लोकांसाठी एक पळवाट आहे. साध्या कीबोर्ड मांडण्यांच्या यादीत कन्नड कगप आहे आणि मराठी कगपही आहे. के. पी. राव यांच्या कन्नड मांडणीवरून आलेली ही कगप नुडी हे कन्नड सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या बोटांत आधीच बसलेली असते. दोन्ही भाषांना क, ग, प त्याच कळांवर. आयबसची गरज नाही, चौघांवरही चालतं. सरकारी कामासाठी नुडी शिकलेल्या आमच्या एका वहिनी यावर पाच मिनिटांत मराठी टाइप करू लागल्या, आणि मी पंधरा वर्षं इन्स्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीवर घासतोय.

इन्स्क्रिप्टवाल्यांना एक सांगतो. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधला अर्धा र हवा असेल तर शिफ्ट धरून जे दाबा, म्हणजे ऱ येतो, त्यापुढे हलन्त आणि य किंवा ह.

जुन्या नुडीच्या किंवा श्रीलिपीच्या फाइली युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नसतात. लिनक्सवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. तो फॉन्ट आपल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकला की वाचता आणि छापता येतं. त्याच पद्धतीने नवीन टाइप करणं मात्र विसरा. तसलं काम रोज असेल तर विंडोजचं एक मशीन ठेवावंच लागतं. माझ्याकडेही आहे. टॅलीचंही तसंच, ते लिनक्सवर थेट चालत नाही. बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रांची सॉफ्टवेअरही मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असतात.

प्रिंटर

चौघांत इथे फारसा फरक नाही. फरक प्रिंटरच्या मॉडेलमध्ये आहे. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्याला फर्मवेअर पाजावं लागतं. त्यासाठी एचपीचा प्लगइन एकदा बसवायचा. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्यांनी मला त्रास दिलेला नाही. कॅनन एलबीपी २९००, जो झेरॉक्सच्या दुकानांतून अजून टिकून आहे, तो मात्र लिनक्सवर डोकेदुखी. ड्रायव्हर जुना, त्याला ३२ बिटांच्या लायब्रऱ्या लागतात आणि चालला तरी मधेच झोपतो.

विचारायचं कुणाला आणि कसं

व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच. उद्यमबाग, मच्छेच्या बाजूला इंजिनियरिंगची पोरं भरपूर, आणि लिनक्स त्यांनी लॅबमध्ये पाहिलेलं असतं, त्यातही बहुतेक उबुंटू. म्हणून गल्लीतल्या मुलाला विचारलं तर उत्तर उबुंटूचं येतं आणि ते मिंटवर चालून जातं. फेडोरा वापरणारे भेटतात, पण कमी, आणि त्यांचं सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, तेरा महिन्यांनी जुनी बंद असं चक्र असतं. त्यांना त्यात मजा येते. शाळेतल्या सरांना येणार नाही. डेबियनवाले अनुभवी असतात, नेमकं सांगतात, पण "आधी माहितीपुस्तिका वाचलीत का?" हेही विचारतात.

विचारताना "नीट चालत नाही" एवढंच म्हटलं तर कुणीही काही करू शकत नाही. संदेश आला तो शब्दशः द्या, नाहीतर फोटो काढा. शेवटी काय बदललं ते सांगा: अपडेट, नवा माउस, काहीही. मिंटमध्ये 'सिस्टिम रिपोर्ट्स' मधून मशीनची सगळी माहिती एका बटणावर कॉपी होते. बाकीच्यांवर इन्क्सी हे साधन बसवून तेच मिळतं. पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रणा वेलँड आहे की एक्स११ हेही सांगा. उबुंटू, फेडोरा आणि डेबियनचा ग्नोम सहसा वेलँडवर सुरू होतो, मिंटचा सिनॅमन एक्स११ वर. कोल्हापुरातला भाचा दूरून तुमची स्क्रीन हाती घेणार असेल तर एक्स११ वर ते बिनबोभाट होतं, वेलँडवर काही साधनं अडतात.

मिळालेल्या उत्तराची तारीखही बघा. आवाज येत नाही म्हणून २०१२ चा पल्सऑडिओ या जुन्या आवाज-यंत्रणेचा उपाय आजच्या पाइपवायर यंत्रणेवर चालवू नका. बऱ्याचदा आवाज एचडीएमआयकडे गेलेला असतो, सेटिंगमध्ये स्पीकर निवडला की झालं. आणि जी कमांड काय करते ते सांगणाऱ्यालाही सांगता येत नाही, ती सुडोने चालवायची नाही.

मग कुणी काय घ्यावं

घरचा, शाळेचा जुना लॅपटॉप: मिंट. चार जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, आठ असेल तर सिनॅमन. कॉलेजचा मुलगा, नवा लॅपटॉप, एनव्हिडिया: उबुंटू. खोलीवरचे दोघे-तिघे फेडोरा वापरत असतील तर बिनधास्त फेडोरा, आणि फेडोराला नव्या हार्डवेअरची ओळख लवकर होते हाही फायदा. दुकानातलं एकच काम करणारं मशीन, ज्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावणार नाही: डेबियन, पण बसवून देणारा माणूस जवळचा हवा. उबुंटूबद्दल माझी एकच कुरकुर आहे, जुन्या मशीनवर स्नॅप या पॅकेजच्या पद्धतीतला फायरफॉक्स पहिल्यांदा उघडताना ताटकळत ठेवतो. मिंटने स्नॅप बंदच ठेवलंय.

खानापूरचे एक मास्तर मागच्या महिन्यात आले, तेव्हा मी लगेच काही बसवलं नाही. मिंट पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि म्हटलं, सर, घरी नुसतं त्याच्यावरून चालू करा, डिस्कला हात लावू नका. वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का, आणि तुमचा प्रिंटर, एवढं बघून या. रविवारी परत आले. तीन गोष्टी चालल्या, प्रिंटर एलबीपी २९०० निघाला. आता त्यांच्या लॅपटॉपवर मिंट आहे आणि छपाई शाळेतल्या जुन्या विंडोजच्या मशीनवर होते.