वणवा जवळ येतोय: जुनी गाडी गॅरेजमध्ये ठेवावी, दूर ठेवावी की चालवत न्यावी?

आमचं घर वाचलं. त्यात आमच्या तयारीचा वाटा किती आणि ऐनवेळी फिरलेल्या वाऱ्याचा किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. कुंपण गेलं, मागच्या दाराची लाकडी पायरी गेली, आणि गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी एका कोपऱ्यात वितळून काळी पडली. त्या कोपऱ्यापासून चार हातांवर माझी 1965 ची फोक्सवॅगन बीटल उभी होती. तिच्या शेजारी, सांगायला लाज वाटते, थिनरचे दोन भरलेले डबे.

तेव्हापासून जुन्या गाड्या पाळणारे ओळखीचे लोक (हो, पाळणारेच, या गाड्या नुसत्या ठेवता येत नाहीत) एकच गोष्ट विचारतात. वणव्याच्या पट्ट्यात घर असेल तर गाडी घरच्या गॅरेजमध्ये असू द्यावी, दूर भाड्याच्या जागेत ठेवावी, की वेळ आली की चालवत बाहेर काढावी? तिन्ही करून झालंय. एक तर नाइलाजाने.

तुलनेआधी एक गैरसमज काढून टाकतो. आगीची भिंत चालत येते आणि घर गिळते, असं चित्र डोळ्यांपुढे असतं. वणव्यात जळणारी बहुतेक घरं मात्र वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. जोराचा वारा असेल तर हे निखारे मुख्य आगीच्या दीड-दोन किलोमीटर पुढेही पडतात आणि पन्हाळीतला पाचोळा, दारातलं पायपुसणं, खिडकीखालचं वाळकं झुडूप, जे सापडेल ते धरतात. म्हणून तर एका गल्लीत एक घर राख आणि शेजारचं शाबूत असं दिसतं. गाडीचंही गणित हेच आहे. निखारा तिच्यापर्यंत कुठून पोचेल, आणि पोचलाच तर त्याला खायला काय मिळेल?

घरचं गॅरेज

सोयीला तोड नाही. जुन्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी हात लागावा लागतो, आणि ती घरात असली की तो लागतो. पण निखाऱ्यांच्या नजरेने पाहिलं तर गॅरेज हा घराचा सगळ्यात ढिला भाग. दार आणि जमीन यांच्यात फट, दोन्ही बाजूंना फट, वर हवेचे झरोके. त्यात आपल्यासारख्यांच्या गॅरेजमध्ये रंग, ग्रीस, पेट्रोलचा कॅन, तेलाने माखलेल्या चिंध्या. स्वयंपाकघरात नसेल इतकं जळण आपण तिथे प्रेमाने साठवतो.

सुधारणा करता येते आणि ती फार अवघडही नाही. दाराच्या तिन्ही-चारी बाजूंना घट्ट पट्ट्या. झरोक्यांना धातूची जाळी, छिद्रं 3 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. घराभोवतीच्या पहिल्या 5 फुटांत जळणारं काहीही नको. कॅलिफोर्नियाने हे तत्त्व 2020 मध्ये कायद्यात आणलं. माझ्याकडे त्या 5 फुटांत खडी होती, आणि पायरी सोडली तर तिथे आगीला काही मिळालं नाही. पायरी राहून गेली होती, कारण ती दिसायला छान होती.

दाराच्या मोटरकडेही बघा. ऑक्टोबर 2017 च्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या आगींत वीज गेली, गॅरेजची दारं उघडेनात आणि काही माणसं आत अडकून दगावली. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि 1 जुलै 2019 पासून नव्या मोटरला बॅटरीचा आधार सक्तीचा झाला. तुमच्याकडे तसा नियम नसेल तरी मोटरची लाल दोरी ओढून दार हाताने उचलायचा सराव घरातल्या प्रत्येकाने करावा. आमच्याकडे पहिल्या वेळी ते कोणालाच उचललं नाही. स्प्रिंग मेली होती.

गॅरेज पेटलंच तर? नवी गाडी आणि जुनी गाडी यांच्यातला फरक इथे कळतो. जुन्या बॉडीच्या सांध्यांत भरलेलं शिसं सगळ्यात आधी ओघळतं. कार्ब्युरेटर, दाराच्या मुठी, बोधचिन्हं जस्ताच्या मिश्रधातूची असतात. ती 400 अंश सेल्सिअसच्या आतच वितळतात. ॲल्युमिनियम 660 अंशांना जातं, आणि घराची आग त्याच्या बरीच वर पोचते. जळालेल्या गाड्यांच्या चाकांमधून जमिनीवर चांदीसारखे ओहोळ गेलेले दिसतात ते त्याचेच. बीटलच्या इंजिनाचं कवच तर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. ते एकदा पेटलं की पाणी मारल्याने आणखी भडकतं. पोलादी सांगाडा उभा राहतो, पण त्याचा ताठा गेलेला असतो. ‘थोडीशी जळाली, करून घेऊ’ असं म्हणणाऱ्याला मी गाडी दाखवायला सांगतो.

अग्निरोधक चादरींबद्दल हमखास विचारणा होते. सप्टेंबर 2021 मध्ये सेक्वोया नॅशनल पार्कमधल्या जनरल शर्मन या प्रचंड झाडाच्या बुंध्याला ॲल्युमिनियमचं आवरण गुंडाळलं होतं, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. असं आवरण जमिनीवरून सरकत जाणाऱ्या आगीची थोडा वेळची झळ अडवतं. शेजारी घर तासन् तास जळत असेल तर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवणार! नेहमीचं कापडी कव्हर मात्र आधी काढून टाका. निखाऱ्याला त्याहून सोपं काही नाही.

आणि कोणी जानेवारी 2025 च्या, लॉस एंजेलिसमधल्या पॅलिसेड्स आगीतल्या त्या 1977 च्या निळ्या-पांढऱ्या फोक्सवॅगन बसचा दाखला दिला, की जळलेल्या घरांच्या मधोमध ती कशी उभी राहिली, तर मी इतकंच म्हणतो की फोटो सुंदर आहे. तिच्या आसपास राख झालेल्या गाड्यांचा फोटो कोणी एवढा पाहिला नाही.

दूरची भाड्याची जागा

इथे मुख्य प्रश्न एकच: दूर म्हणजे कुठे? घरापासून 20 किलोमीटरवरचं गोदाम त्याच डोंगररांगेला लागून, वाऱ्याच्या त्याच दिशेत असेल तर तुम्ही फक्त भाडं भरताय. जागा बघताना नकाशावर डोंगर आणि नेहमीचा कोरडा वारा आधी बघा, रस्ता नंतर. ‘शहरात आहे म्हणजे सुरक्षित’ हेही गृहीत धरू नका. 30 डिसेंबर 2021 ला कोलोरॅडोतली मार्शल आग गवतावरून धावत उपनगरांत शिरली आणि काही तासांत हजाराहून जास्त घरं गेली. जंगल नाही, उन्हाळाही नाही.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. पक्की भिंत, आगीत आपोआप पाणी सोडणारे फवारे, रात्री किल्ली मिळण्याची सोय, आणि शेजारच्या गाळ्यात काय ठेवलंय याची चौकशी. आठ महिने मी गाडी अशा ठिकाणी ठेवली होती. आगीची काळजी गेली आणि दुसरी आली: उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर अडकले, पेट्रोल शिळं झालं, टायर एका बाजूला चपटे. ज्यांच्याकडे तीन-चार गाड्या आहेत आणि त्यातल्या दोन वर्षभर फिरतच नाहीत, त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला. एकुलती एक, दर रविवारी बाहेर पडणारी गाडी असेल तर जीव रमणार नाही.

वेळ आली की चालवत नेणं

ऐकायला हे सगळ्यात शूर वाटतं. माझ्या मते तिघांत सगळ्यात वाईट.

8 नोव्हेंबर 2018 ला कॅलिफोर्नियातलं पॅराडाइझ गाव जळालं तेव्हा बाहेर पडायचे रस्ते मोजके होते आणि गाव सगळं एकदम निघालं. 85 माणसं गेली, 18,000 हून जास्त इमारती गेल्या. कित्येकांना गाडी रस्त्यातच टाकून पळावं लागलं. 7 जानेवारी 2025 ला पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये टाकून दिलेल्या गाड्या इतक्या झाल्या की बंबांना वाट द्यायला त्या बुलडोझरने बाजूला ढकलाव्या लागल्या. आपली पन्नास-साठ वर्षांची लाडकी त्या रांगेत कल्पून बघा.

मला कल्पना करावी लागत नाही. घर वाचलं त्याच्या आदल्या वर्षी घर सोडण्याचा आदेश आला तेव्हा बायको नव्या गाडीत मुलांना घेऊन पुढे आणि मी बीटलमध्ये मागे. दुपारचे तीन आणि काळोख. 6 व्होल्टचे दिवे धुरात पणतीसारखे. वायपर चालत होते असं म्हणायचं. या गाडीत काचेवर पाणी सुटतं ते हवेच्या दाबाने, आणि ती हवा मी कधी भरली होती कोण जाणे. हवेने थंड होणारं इंजिन मागच्या काचेखालच्या फटींतून हवा ओढतं, म्हणजे त्या दिवशी ते राख ओढत होतं. पेट्रोलची टाकी माझ्या पायांच्या पुढे. कार्ब्युरेटरच्या इतर गाड्यांत याच्या जोडीला संथ रांगेत पेट्रोलची नळीतच वाफ होऊन इंजिन बंद पडण्याचा धोका असतो. नव्या गाडीत आतली हवा आतच फिरवायचं बटण असतं; इथे तोंडाला ओला रुमाल.

पोचलो. आग त्या वर्षी आमच्याकडे आलीच नाही. पण त्या तासाभरात आमचं कुटुंब दोन गाड्यांत विभागलेलं होतं, रांगेत एक गाडी उगाच वाढलेली होती, आणि बायकोची नजर रस्त्यापेक्षा आरशात जास्त होती. यावर नंतर आमचं जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी आदेश आला तेव्हा सगळे एका गाडीत बसलो आणि बीटल गॅरेजमध्ये सोडली. सुरुवातीला ज्या वितळलेल्या पट्टीबद्दल लिहिलं ती त्या दिवसाची.

मग काय निवडायचं

माझं उत्तर तिन्हींच्या मधलं आहे. गाडी राहते घरीच, नीट बंदिस्त केलेल्या गॅरेजमध्ये. पण हवामान खात्याने कोरडा वारा आणि आगीचा धोका असल्याचा इशारा दिला की ती आदल्या संध्याकाळीच निघते. आकाश निळं असताना, रस्ता मोकळा असताना. एका मित्राच्या पक्क्या शेडमध्ये दोन-तीन दिवस राहते आणि परत येते. वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात, बहुतेक फुकट. तेवढीच गाडी पळते.

इशारा चुकला आणि थेट आदेश आला, तर ती आहे तिथे राहील. काचा वर, कव्हर काढलेलं, बॅटरीची वायर सुटी, गॅरेजचं दार घट्ट बंद. गॅरेज भरवशाचं नसेल तर इमारतींपासून लांब, मोकळ्या डांबरी किंवा खडीच्या जागेत मधोमध उभी करणं जास्त बरं, पण हेही आधीच, धूर दिसण्यापूर्वी. वाळक्या गवतावर कधीच नाही. तापलेला सायलेन्सरच गवत पेटवायला पुरतो, मग वणव्याची वाट कशाला बघायची.

मित्राची शेड नसेल, घराकडे जाणारा रस्ता एकच असेल आणि घर उतारावर झाडीत असेल, तर धोक्याचे महिने गाडी सरळ भाड्याच्या जागेत ठेवा. आणि ज्यांना इशाऱ्याच्या दिवशी ऑफिसातून निघताच येत नाही त्यांनीही. माझी पद्धत घरी कोणीतरी असतं म्हणून चालते.

विम्याचं

घराच्या विम्यात गाडी सहसा येत नाही. गॅरेजसकट जळाली तरी नाही. गाडीच्या साध्या विम्यात आग धरलेली असली तरी घसारा वजा करून भरपाई मिळते, आणि 1965 च्या गाडीचा घसारा काढला तर हाती काय लागेल ते तुम्हीच बघा. त्यामुळे ॲग्रीड व्हॅल्यू, म्हणजे दोघांनी आधी ठरवून कागदावर लिहिलेली रक्कम. तिच्यासारखंच नाव असलेल्या स्टेटेड व्हॅल्यूला फसू नका. तिथे तुम्ही सांगितलेली रक्कम आणि बाजारभाव यांतलं जे कमी ते देण्याची मुभा कंपनीला असते. क्लासिक गाडीच्या पॉलिसीत कुलूपबंद गॅरेजची अट बहुधा असते, म्हणून मित्राच्या शेडबद्दल आधीच लेखी कळवा. आणि आग जवळ आली की कंपन्या त्या भागात नवी पॉलिसी देणं किंवा रक्कम वाढवणं थांबवतात. त्या दिवशी फोन करून उपयोग नाही.

वाचलेल्या गाडीचं काय

आनंदाच्या भरात फडक्याने राख पुसू नका. मी पुसली. टपावरचे ओरखडे अजून उन्हात दिसतात. राख काचेच्या चुऱ्यासारखी घासते आणि ओली झाली की क्षारयुक्त होऊन रंग खाते, म्हणून हातमोजे घालून भरपूर वाहत्या पाण्याने धुवायची. शेजारी प्लास्टिक जळालं असेल तर त्या धुरातलं आम्ल क्रोमवर बसतं. तिथे उशीर चालत नाही. इंजिन सुरू करण्याआधी एअर क्लीनर साफ. बीटलचा तेलाचा असतो, त्यातलं तेल आमच्याकडे काळ्या चिखलासारखं निघालं. रबरी नळ्या वाकवून बघा, तडे दिसले तर बदला.

थिनरचे डबे आता बागेच्या टोकाला पत्र्याच्या पेटीत असतात. पायरी दगडाची केली. दिसायला पहिलीच बरी होती.